किनारे जुळतात हा निव्वळ योगायोग नाही कशावरून? (जरा लांबलचक उत्तर)

प्रश्न थोडक्यात असा होता: "मुलगी नववीत आहे. सगळे खंड पूर्वी एकत्र होते असं शाळेत शिकवलं, पुरावा म्हणून आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेचे किनारे जुळतात ते चित्र दाखवलं. ती म्हणते, बाबा ढगातही हत्ती दिसतो, मग तोही पुरावा का? मला काही उत्तर देता आलं नाही. कोणी बघितलेलं नसताना एवढं ठामपणे कसं काय सांगतात?"

आधी मुलीला शाबासकी द्या. १९१२ साली आल्फ्रेड वेगेनरने ही कल्पना मांडल्यावर पुढची जवळजवळ पन्नास वर्षं भले भले भूवैज्ञानिक साधारण हेच म्हणत होते, आणि ते काही मूर्ख नव्हते. मी स्वतः भूवैज्ञानिक, सत्तावीस वर्षं विदर्भात कोळशाच्या बोअरवर काढली. म्हणजे रिग लावायची, खालून येणारा दगडाचा कोअर पेटीत ओळीने मांडायचा आणि वीतवीत बघत त्याची नोंद करत जायचं. त्यामुळे उत्तर कोळशाकडे झुकणार, आधीच सांगून ठेवतो.

तुम्ही पुरावे विचारलेत पण खरी अडचण ती नाहीये असं मला वाटतं. पुराव्यांची यादी नेटवर दोन मिनिटात मिळते. अडचण अशी की त्यातला कुठलाही एक पुरावा सुटा उचलला तर त्याला पळवाट निघते. किनारे जुळतात? योगायोग. सारखे जीवाश्म सापडतात? बिया वाहून गेल्या असतील. विषुववृत्ताजवळ बर्फाच्या खुणा? सगळी पृथ्वीच थंड पडली असेल. मग अशा चार कच्च्या साक्षी मिळून एक पक्की कशी होते? तर ते चारही साक्षीदार एकमेकांना ओळखत नसतील आणि तरी जागा आणि वेळ एकच सांगत असतील तर होते. बाकी सगळं ह्याच मुद्द्याभोवती आहे.

किनाऱ्याचं आधी उरकून घेतो. तुमच्या मुलीची शंका किनाऱ्याबाबत निम्मी खरी आहे, कारण किनारा ही खंडाची खरी कड नाहीच. समुद्राची पातळी वरखाली झाली की किनारा सरकतो. बॉम्बे हाय मुंबईपासून १६० किलोमीटर आत आहे आणि तिथे पाणी फक्त ७५ मीटरच्या आसपास, म्हणजे भारत नावाचा दगडी तुकडा गेटवेपाशी संपत नाही, तो पाण्याखालून बराच पुढे जातो आणि मग एकदम उतार लागून खोल समुद्र सुरू होतो. जुळवायची तर ती कड जुळवायची. १९६५ मध्ये केंब्रिजच्या बुलार्ड आणि सहकाऱ्यांनी साधारण ९०० मीटर खोलीची रेषा घेऊन कंप्युटरकडून आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका जुळवून घेतली, डोळ्याने नाही, आणि ती किनाऱ्यापेक्षा कितीतरी चांगली जुळली. त्यात मला आवडतो तो भाग म्हणजे जिथे जुळलं नाही तो. एका ठिकाणी आफ्रिका दक्षिण अमेरिकेवर चढत होती, आणि ती जागा निघाली नायजर नदीचा त्रिभुज प्रदेश. तो गाळ खंड वेगळे झाल्यावर साचलाय, म्हणजे तिथे जुळायलाच नको होतं! ढगातला हत्ती असली चूक करत नाही.

आता माझ्या धंद्याचं. नोकरीला लागून पहिलंच वर्ष, वर्धा खोऱ्यात एका बोअरवर होतो. आपल्याकडे वरून खाली क्रम साधारण असा लागतो की आधी कामठीचा वालुकाश्म (हो, नागपूरजवळची कामठी, त्या गावावरूनच त्या थराला हे नाव आहे), मग बराकर, ज्यात आपला कोळसा, आणि त्याखाली तालचीर. तालचीर लागलं की कोळसा संपला, बोअर बंद करायचा. तर त्या बोअरला हिरवट शेल (म्हणजे बारीक चिखल घट्ट होऊन झालेला दगड) लागली आणि मग अचानक बिट, म्हणजे रिगचं कापणारं टोक, कडक दगडात गेलं, वर आला स्वच्छ गुलाबी ग्रॅनाइट. मी खुश, रजिस्टरला लिहिलं "ग्रॅनाइट, बेसमेंट लागला, बोअर बंद" (बेसमेंट म्हणजे सगळ्या थरांच्या तळाशी असलेला जुना कडक दगड) आणि जेवायला बसलो. संध्याकाळी साहेब आले, कोअर पेटीकडे बघितलं, काही बोलले नाहीत, ड्रिलरला म्हणाले अजून दोन मीटर घे. अर्ध्या मीटरवर ग्रॅनाइट संपला आणि खाली परत तीच बारीक हिरवी शेल! तो बेसमेंट नव्हता, चिखलात पडलेला एकटा गोटा होता. साहेब हसले आणि म्हणाले, आता सांग हा इथे आला कसा.

हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही हो. बारीक चिखल साचायला पाणी एकदम शांत लागतं. आणि एवढा मोठा दगड वाहून आणायला पाण्याला जो जोर लागेल त्यात चिखल टिकूच शकत नाही. दोन्ही एका जागी यायचे तर दगड पाण्यातून वाहून नाही, वरून पडलेला असला पाहिजे, म्हणजे तरंगत्या बर्फात अडकून आलेला आणि बर्फ वितळल्यावर खाली सुटलेला. ओडिशात तालचेरला ब्लॅनफर्ड बंधू ह्या भूवैज्ञानिकांनी १८५६ सालीच हे ओळखलं होतं, आणि तेव्हा उष्ण कटिबंधात बर्फ ही गोष्ट लोकांना पचेना. मग १८७५ मध्ये फेडन ह्या भूवैज्ञानिकाने चंद्रपूरच्या पश्चिमेला इरईजवळचा पुरावा छापला: तालचीरच्या थराखाली पेनगंगेची चुनखडी, आणि तिच्यावर समांतर ओरखडे, हिमनदी तळाला दगड धरून घासत गेली की पडतात तसे. चंद्रपूर! जिथे मे महिन्यात ४६-४७ डिग्रीला आम्ही रिगवर ओले पंचे डोक्याला बांधून काम करायचो.

इथे पळवाट निघते, की सगळी पृथ्वीच गार पडली असेल. पण हे गोटे सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचे आहेत, आणि साधारण त्याच काळात युरोप आणि उत्तर अमेरिकेत दमट उष्ण जंगलं होती ज्यांचा तिकडे कोळसा झाला. म्हणजे आज जे थंड तिथे घाम आणि आज जिथे घाम तिथे बर्फ. शिवाय भारतासारखेच गोटे आणि ओरखडे दक्षिण आफ्रिका, ब्राझील, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका सगळीकडे आहेत, आणि ओरखड्यांवरून बर्फ कुठून कुठे सरकला ते कळतं. काही ठिकाणी तो चक्क आजच्या समुद्राकडून जमिनीवर चढल्यासारखा दिसतो. समुद्रातून हिमनदी वर येत नाही. हे सगळे तुकडे दक्षिण ध्रुवाभोवती एकत्र आणले तरच ते बाण एका गोलाकार बर्फाच्या टोपीतून बाहेर पडल्यासारखे नीट लागतात.

त्या बर्फानंतर हवा जरा निवळली आणि दलदली तयार झाल्या, त्यातून बराकरचा कोळसा झाला. त्या दलदलींतलं मुख्य झाड म्हणजे ग्लोसोप्टेरिस. पान जिभेसारखं, मधे ठसठशीत शीर आणि बाजूला जाळीदार शिरा, एकदा ओळखता आलं की आयुष्यभर विसरत नाही, कोअर फोडताना थर उघडला की कधीकधी अख्खं पान समोर येतं. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचं नाव ज्यांच्यावरून पडलं ते स्टीफन हिस्लॉप मिशनरी होते पण दगडांचे नादिष्ट, १८५०च्या दशकात त्यांनी नागपूरच्या आसपास हीच पानं गोळा केली. हीच पानं ऑस्ट्रेलियात, आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत. आणि कॅप्टन स्कॉट दक्षिण ध्रुवावरून परत येताना १९१२ मध्ये साथीदारांसकट मेला तेव्हा त्यांच्या घसरगाडीवर सुमारे १६ किलो दगड सापडले, ओढायची ताकद उरली नव्हती तरी टाकून दिले नव्हते, आणि त्यात ग्लोसोप्टेरिस होतं. नागपूरचं पान अंटार्क्टिकावर.

बिया उडून गेल्या असतील म्हणाल तर ह्या झाडाच्या बिया काही मिलिमीटरच्या, महासागर ओलांडून वाऱ्याने जातील अशा हलक्या नाहीत. आणि नुसतं झाडच नाही. लिस्ट्रोसॉरस नावाचा डुकराएवढा जमिनीवरचा प्राणी दक्षिण आफ्रिकेत सापडतो, आपल्या बंगालमधल्या राणीगंज भागात सापडतो, आणि १९६९ मध्ये अंटार्क्टिकावरही सापडला. तेव्हाच्या विरोधकांचं उत्तर असायचं की खंडांना जोडणारे जमिनीचे लांब पूल होते आणि ते नंतर बुडाले. ऐकायला बरं वाटतं पण खंडांचा दगड समुद्रतळाच्या बेसाल्टपेक्षा (गोठलेल्या लाव्ह्याचा काळा दगड) हलका असतो, तो काही बुडत नाही, जसा ओंडका बुडत नाही. आणि नंतर समुद्राचा तळ तपासला तर असे बुडालेले पूल मिळालेच नाहीत.

एवढं सगळं असून वेगेनरचं का पटलं नाही लोकांना? कारण खंड कशाने सरकतात ह्याचं त्याचं उत्तर चुकीचं होतं. त्याने सुचवलेले जोर फारच किरकोळ निघाले, हॅरल्ड जेफ्रीज ह्या ब्रिटिश भूभौतिकशास्त्रज्ञाने गणित करून दाखवलं. ग्रीनलंड वर्षाला कित्येक मीटर सरकतंय हा त्याचा आकडाही मोजमापाच्या चुकीतून आलेला होता. बिचारा १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फातच गेला. म्हणजे काय, दगडांची साक्ष बरोबर, वकील कच्चा.

चित्र बदललं ते पूर्ण वेगळ्या लोकांमुळे, ज्यांना पानं आणि प्राण्यांशी काही देणंघेणं नव्हतं. हे चुंबकत्ववाले. लाव्हा थंड होताना त्यातले मॅग्नेटाइटचे बारीक कण त्यावेळच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राप्रमाणे लागतात आणि तसेच गोठतात. चुंबकसुई फक्त उत्तर दाखवत नाही, ती जमिनीकडे कलतेसुद्धा, विषुववृत्तावर आडवी आणि ध्रुवावर सरळ उभी. अलिबागच्या वेधशाळेत आज हा कल २५ अंशांच्या आसपास आहे, उत्तर टोक खाली. (ही वेधशाळा आधी कुलाब्याला होती, मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर मोजमाप बिघडू नये म्हणून अलिबागला हलवली.) आता सह्याद्रीचा काळा पाषाण घ्या, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात गोठलेला कल ४५ अंशांच्या वर निघतो, आणि चुंबकक्षेत्र अधूनमधून उलटतं तो भाग बाजूला काढला तर उत्तर टोक खाली नाही, वर! हे दक्षिण गोलार्धाचं लक्षण. १९५६ मध्येच क्लेग आणि सहकाऱ्यांनी दख्खनच्या दगडांवर हे काम छापलं. कलावरून अक्षांश काढायचं सूत्र अकरावीच्या मुलाला जमेल असं आहे: कलाच्या टॅनजंटचं निम्मं करा, तो अक्षांशाचा टॅनजंट. ४७ अंश घातले तर उत्तर साधारण २८ येतं. म्हणजे महाबळेश्वरचा लाव्हा २८ अंश दक्षिणेच्या आसपास थंड झाला आणि आज तो १८ अंश उत्तरेला उभा आहे. फरक ४६ अंशांचा, एका अंशाला १११ किलोमीटर धरले तर पाच हजार किलोमीटर.

इथे प्रामाणिकपणे सांगायचं तर हे मोजमाप कुठला दगड उचलता त्यावर फार अवलंबून असतं. ह्या कामातल्या एका मित्राबरोबर मी एकदा घाटात नमुने काढायला गेलो होतो, मी सरळ वर पठारावरचा मोकळा सोयीचा दगड दाखवला तर तो म्हणाला अजिबात नको, तिथे वीज पडलेली असते, विजेने दगडाचं चुंबकत्व पार बिघडतं. मग रस्ता फोडलेल्या कड्यात, ताज्या दगडात, अंगठ्याएवढे कोअर काढले, आणि दिशा होकायंत्राने नाही तर सूर्याच्या सावलीवरून घेतल्या कारण बेसाल्ट होकायंत्रालाही फसवतो. दगड नंतर तापला असेल, थर कलले असतील, तर आकडा चुकतो. म्हणून एका दगडावर कोणी काही ठरवत नाही, शेकडो नमुने लागतात. आणि अजून एक मर्यादा, ह्यातून अक्षांश कळतो, रेखांश नाही. पूर्व-पश्चिम किती सरकलं ते विचारायला दुसरा साक्षीदार लागतो.

तो साक्षीदार म्हणजे समुद्राचा तळ, आणि गंमत म्हणजे त्याची पहिली मोठी साक्ष आपल्याच बाजूच्या समुद्रातली आहे. अरबी समुद्राच्या दक्षिणेला पाण्याखाली कार्ल्सबर्ग नावाची डोंगररांग आहे. १९६२ मध्ये ओवेन नावाच्या ब्रिटिश जहाजाने तिच्यावरून चुंबकमापक ओढत नेला, आणि पुढच्या वर्षी व्हाइन आणि मॅथ्यूज ह्या दोघांनी त्या नोंदींचा अर्थ लावला: रांगेच्या मधल्या भेगेतून लाव्हा येतो, दोन्ही बाजूंना सरकतो, आणि सरकताना त्यावेळचं चुंबकक्षेत्र गोठवत जातो. क्षेत्र उलटलं की पट्टा उलटा, परत सुलटलं की सुलटा. तसं असेल तर डावीकडचे पट्टे उजवीकडच्यांचं आरशातलं रूप असायला हवेत, आणि तीनेक वर्षांत पॅसिफिकमधल्या नोंदीत ते तसे अगदी स्वच्छ दिसले. मग १९६८ मध्ये ग्लोमार चॅलेंजर जहाजाने दक्षिण अटलांटिकचा तळ बोअर केला (बघा, शेवटी बोअरवालेच कामी आले), आणि मधल्या रांगेपासून जितकं लांब जावं तितका तळ जुना निघाला. आजच्या महासागरांत कुठेही साधारण १८-२० कोटी वर्षांपेक्षा जुना तळ फारसा सापडत नाही, खंडांवर मात्र ३०० कोटींच्या वरचे दगड पडलेत. म्हणजे समुद्र नवे आहेत. जुना तळ जातो कुठे? दुसऱ्या टोकाला खाली गडप होतो, सुमात्राच्या बाजूला होतो तसा, २००४ ची त्सुनामी तिथूनच आली.

आता आपल्या किनाऱ्याकडे या. मादागास्कर भारतापासून साधारण ९ कोटी वर्षांपूर्वी सुटलं, आणि त्या वेळच्या लाव्ह्याचा एक तुकडा इकडे राहिला तो म्हणजे उडुपीजवळ मालप्यासमोरचं सेंट मेरी बेट, तिथले षटकोनी खांब बघायला लोक जातात पण ते मादागास्करच्या लाव्ह्याचे भाऊबंद आहेत हे बहुतेकांना माहीत नसतं. सेशेल्स सुटलं त्यानंतर, ६.३ कोटीच्या सुमारास, दख्खनचा लाव्हा येऊन गेल्या-गेल्या. म्हणूनच भर समुद्रात असूनही सेशेल्सची मुख्य बेटं ग्रॅनाइटची आहेत, साधारण ७५ कोटी वर्षं जुन्या ग्रॅनाइटची, आणि तशाच वयाचे दगड राजस्थानात आहेत. समुद्रातून वर आलेलं बेट ग्रॅनाइटचं नसतं, ते खंडाचं तुटलेलं टोकच असतं. आणि २००३ मध्ये केरळच्या घाटात जांभळा बेडूक मिळाला, नासिकाबॅट्रॅकस सह्याद्रेन्सिस, वर्षातले थोडेच दिवस जमिनीबाहेर येणारा, त्याचे सगळ्यात जवळचे नातेवाईक कुठे तर सेशेल्सवर. बेडकाला खारं पाणी सोसत नाही.

आता वेग बघा, कारण माझ्या मते तुमच्या "कोणी बघितलं" चं खरं उत्तर इथे आहे. दगडातल्या चुंबकत्वावरून पाच हजार किलोमीटर ६.६ कोटी वर्षांत, म्हणजे सरासरी वर्षाला ८ सेंटिमीटरच्या आसपास. समुद्रतळाचे पट्टे म्हणतात की सुरुवातीला भारत ह्याच्या जवळपास दुप्पट वेगाने पळत होता आणि ५ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास एकदम मंदावला, तेव्हाच तो आशियाला धडकून हिमालय उचलायला लागला होता. आणि आज खांबाला पक्का बसवलेला जीपीएस वर्षानुवर्षं नोंद करतो, तर भारत ईशान्येकडे वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर सरकताना दिसतो. हे तर बघितलेलंच आहे की. घाटातला काळा दगड, समुद्राखालचे पट्टे आणि उपग्रह, तिन्ही मोजणारे वेगळे, यंत्रं वेगळी, चुका करायच्या जागा वेगळ्या, आणि हिशोब एकमेकांत बसतो.

तर मुलीला एका दमात सांगायचं असेल तर असं सांगा की किनाऱ्याने शंका आली, बर्फाच्या गोट्यांनी आणि पानांनी सांगितलं की सगळे एकत्र आणि दक्षिणेला होते, काळ्या दगडाने किती दक्षिणेला ते सांगितलं, समुद्राच्या तळाने कधी आणि कुठल्या वेगाने सुटले ते, आणि जीपीएसने सांगितलं की अजून चालूच आहे. "खंड सरकतात" हे मान्य झाल्यावरही नेमका कुठला तुकडा कधी सुटला ह्यावर आजही वाद चालतात, काही कोटी वर्षांचा फरक इकडे तिकडे होतो, ते वाद वाचून गोंधळू नका.

आणि तुम्ही विदर्भातले असाल तर अजून एक. खाणीत जाऊ नका, परवानगीशिवाय तर नाहीच. पण आसपासच्या वीटभट्टीवर जो कोळसा उतरतो त्यात काळ्या-करड्या दगडाचे चपटे तुकडे असतात, जळत नाहीत म्हणून भट्टीवाला शिव्या देऊन बाजूला फेकतो. त्यातले पाच-पंचवीस मागून आणा, कडेला थराची रेघ दिसेल तिच्यात जुनी सुरी ठेवून वरून हलकं ठोका, पाटीसारखा उघडतो. बहुतेक तुकडे कोरे निघतील, कंटाळा येईल. पान मिळालंच तर मधे ठळक शीर आणि बाजूला जाळी आहे का बघा, असेल तर ग्लोसोप्टेरिस, मधली शीर नसून नुसतीच जाळी असेल तर त्याचा भाऊ गँगामोप्टेरिस. फोटो टाका इथे, बाजूला मापाला एक रुपयाचं नाणं ठेवून, ओळखून देतो.